समोरची विंग

"नाई मनते का?" गोकुळानं विचारलं. लाखोळीची भाजी खुडणारे तिचे हात थांबले नव्हते.

दामिनीनं फोन खाटेवर ठेवला. पलीकडचा माणूस भला होता. तिचं सगळं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सांगायचं ते सांगितलं. त्या काळात टेपा महाग असायच्या, मॅडम. कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपेवर दुसरा भरायचे. झाडीपट्टीच्या नाटकांवरचा तो कार्यक्रम आता कुठंच सापडायचा नाही.

"पुसला मनते, माय. त्याच्यावर दुसरं काहीतरी भरलं."

"बरं," गोकुळा म्हणाली आणि तिनं पुढची जुडी ओढून घेतली.

तो 'बरं' दामिनीला लागला. पोळ्याच्या आधी बाबा गेले आणि तेव्हापासून ती या टेपेच्या मागे होती. चंद्रपूरच्या कॉलेजात ग्रंथपाल असल्यामुळे जुन्या गोष्टी शोधायच्या कशा, हे तिला ठाऊक होतं. तिनं ओळखीच्यांना गाठलं, ओळखीच्यांच्या ओळखीच्यांना गाठलं, आणि सगळ्यांना एकच कारण सांगितलं. माझ्या आईनं तेवढं पाहिलं नाही हो, तिला एकदा दाखवायचंय. आईसाठी म्हटलं की माणसं लवकर विरघळतात.

कारण खोटं नव्हतं, पण तेवढंच खरंही नव्हतं. डोळे मिटले की दामिनीला बाबांचा दवाखान्यातला चेहरा दिसायचा. तोंडावर प्लास्टिकचा मास्क, गाल आत गेलेले, डोळे कुणालाच न ओळखणारे. त्याच्या आधीचे सगळे चेहरे त्या एका चेहऱ्याखाली गेले होते. त्याला बाजूला सारील असा दुसरा चेहरा तिला हवा होता, आणि तो टीव्हीवर दिसला होता. तिनं स्वतः पाहिला होता, वीतभर अंतरावरून.

बाबा, म्हणजे खुशाल, नाटकात पडदा ओढायचा. एरवी तो वडशाच्या राइस मिलमध्ये कामाला होता, पण दिवाळी झाली की मिलमालकाला नमस्कार करून नाटक कंपनीच्या ट्रकमध्ये बसायचा आणि होळीपर्यंत या गावाहून त्या गावाला हिंडायचा. इतके हिवाळे नाटकात काढूनही प्रेक्षकांनी त्याला कधी पाहिलं नाही. तो डाव्या विंगेत दोरी धरून बसलेला असायचा. कंपनीनं एकदा त्याला शिपायाचं काम देऊ केलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, मी तिकडं गेलो तं मंग पडदा कोन पाडल?

एका वर्षी टीव्हीवाले आले. दोन रात्री नाटकाचं शूटिंग करून गेले आणि अमुक दिवशी संध्याकाळी दाखवू म्हणून कळवलं. गावात तेव्हा एकच टीव्ही होता, पोलीस पाटलाकडं. त्या दिवशी पाटलानं तो ओसरीवर आणून ठेवला. बायकांनी दुपारीच चटया आणि पोती टाकून जागा धरल्या, मंडईच्या, म्हणजे इकडच्या जत्रेच्या, नाटकाला धरतात तशा. कुणीतरी टीव्हीला हार घातला. एकजण अँटेनाचा बांबू धरून कौलांवर बसला होता आणि खालून सगळं गाव त्याला डावं-उजवं सांगत होतं. खुशाल मात्र गावात नव्हता. त्या रात्रीचा प्रयोग कुरखेड्याच्या पलीकडं होता आणि कंपनीचा ट्रक दुपारीच निघून गेला होता.

कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर मुंग्या आल्या, गेल्या. पत्र्याच्या पेट्या दिसल्या, आरशापुढं बसलेली नटी दिसली, राजाची पाठ आणि मुकुट दिसला. आणि मग एकदम खुशाल. कॅमेरेवाला विंगेत जाऊन बसला असणार. स्टेजवर राजा मरत होता, पण दिसत होता तो खुशालचा चेहरा, सगळ्या काचेभर. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात दुपट्ट्याचं टोक. राजाचं वाक्य त्याच्याही ओठांवर हलत होतं. डोळे भरून आले होते, पण पुसत नव्हता, कारण पुसायला गेला असता तर शेवटचा शब्द चुकला असता. मग त्यानं दोरी सोडली. पडदा पडल्यावरही कॅमेरा त्याच्यावरच राहिला, आणि तो स्वतःशीच थोडंसं हसला, काम जमल्यावर माणूस हसतो तसं.

ओसरी उभी राहिली. शिट्ट्या झाल्या आणि सगळं गाव एका आवाजात 'वन्स मोर' ओरडायला लागलं. झाडीपट्टीत एखादा प्रवेश आवडला की लोक वन्स मोर देतात आणि नट तो प्रवेश पुन्हा पहिल्यापासून करतो. कुणी नकार दिल्याचं गावाच्या ऐकिवात नव्हतं. तेव्हा टीव्ही तरी कशाला नाही म्हणेल?

गोकुळा भिंतीजवळ, सगळ्यात मागं होती. तिला पाठीच पाठी दिसल्या. पण ती पुढं घुसली नाही, धडपडली नाही. गाव वन्स मोर देत होतं, म्हणजे आता पुन्हा होणार होतं, तेव्हा नीट पाहू, असा तिचा हिशेब. ती पाठी खाली बसण्याची वाट पाहत राहिली, आणि पाठी खाली बसल्या तेव्हा काचेवर एक माणूस धानाला खत कसं द्यायचं ते सांगत होता. तरीही लोक बराच वेळ थांबले. कौलांवरच्या माणसाला शिव्या बसल्या.

दामिनी तेव्हा चौथीत होती. मोठ्यांच्या पायांमधून सरकत ती टीव्हीच्या स्टुलापाशी पोचली होती. तिनं सगळं पाहिलं.

हे सगळं ती मनात फिरवत होती, तेवढ्यात अंगणातून खाकरल्याचा आवाज आला. मुखरू आला होता. त्या नाटकातला राजा. आता दात गेले होते, पण आवाज अजून मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. आज गावात मंडई होती, शाळेमागच्या बांधीत, धानाच्या मोकळ्या शेतात, कंपनीचं स्टेज उभं राहत होतं, आणि कंपनीनं त्याला बोलावणं करायला पाठवलं होतं. यंदाचा पहिला नारळ गोकुळावहिनीच्या हातून फोडायचा, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. गोकुळानं नाही-होय काही न म्हणता चहा ठेवला.

मुखरू खाटेवर टेकला आणि दामिनीकडं पाहून म्हणाला, "टेप भेटली का वं पोरी?"

दामिनीनं मान हलवली.

"बरं झालं. नाई तं पुन्हा एकदा जगानं माही पाठ पाह्यली असती." तो स्वतःच हसला. "तीन अंक मेलो मी त्या नाटकात, तीन अंक. नवा शर्ट घालून, पावडर लावून टीव्हीपुढं बसलो. अन् दिसला कोन, तं रस्सीवाला. तुह्या बाबाले मी सा महिने बोललो नाई."

"तुम्ही बोलत नव्हते, हे त्याईले मालूमच नव्हतं," गोकुळा चुलीपासून म्हणाली. "मनत, मुखरूभाऊचा गळा बसला दिसते."

मुखरूला ठसका लागला. दामिनीही हसली. बाबा गेल्यापासून या घरात ती पहिल्यांदाच हसत होती, हे तिच्या लक्षात आलं आणि हसू तसंच राहू द्यावं असं वाटलं.

"मायसाठी पाह्यजे होती काका टेप," ती म्हणाली. "सगळ्या गावानं पाह्यलं, अन् तिलेच दिसलं नाई."

मुखरूनं कपातून डोकं वर काढलं. त्यानं आधी गोकुळाकडं पाहिलं, मग दामिनीकडं.

"इले दिसलं नाई? हिनं तं आम्हा साऱ्याईपेक्षा जास्त पाह्यलं. वयनी, सांगतलं नाई का पोरीले?"

"त्याच्यात सांगाचं काय आहे," गोकुळा म्हणाली.

मुखरूनं उरलेला चहा एका घोटात संपवला, बांधीवर लवकर या म्हणाला, आणि ज्याअर्थी आपण काहीतरी उघडं पाडलं आहे त्याअर्थी आता इथून निघावं, अशा घाईनं निघून गेला.

गोकुळानं उरलेली जुडी खुडली. भाजी धुतली, पाणी निथळायला सूप उभं केलं. मग पदराला हात पुसत दामिनीशेजारी येऊन बसली आणि सांगायला लागली. फार लांबवून नाही. टीव्हीची ती संध्याकाळ झाल्यावर वर्षभर गावात जो तो तिला सांगायचा, खुशाल असा दिसला, तसा दिसला. बाजारात, विहिरीवर, सगळीकडं. आपल्याच नवऱ्याचं तोंड दुसऱ्यांकडून ऐकायचा तिला कंटाळा आला. पुढच्या दिवाळीत, ट्रक निघायच्या आदल्या दिवशी, ती नवऱ्याला म्हणाली की मलाही पाहायचंय.

"कोनाले?" त्यानं विचारलं होतं.

"तुमाले."

विंगेत घरच्या बायका जात नसत. नागपूरहून येणाऱ्या नट्या तेवढ्या असायच्या. खुशालनं रात्रभर विचार केला आणि कंपनीच्या मालकाशी बोलला. वडशाजवळच्याच एका गावच्या प्रयोगाला तो तिला घेऊन गेला आणि समोरच्या, उजव्या विंगेत नट्यांच्या पेटीवर बसवलं. दामिनी त्या दिवशी आत्याकडं होती.

"नाटक कोनतं होतं?" दामिनीनं विचारलं.

"मले काय मालूम. मी नाटक पाह्यलंच नाई. स्टेजवर कोन आला, कोन गेला, कोन मेला, काहीच नाई. मधातून मानसं जात-येत, तेवढी वेळ मान वाकडी करून पाहू. पडदा पडेपर्यंत मी त्याईलेच पाहून राह्यली होती."

"अन् बाबा?"

"ते कायले पाह्यतील माह्याकडं? काम होतं त्याईले." गोकुळा थांबली. "एकदा पाह्यलं. सारे लोक हसून राह्यले होते, तवा. मी हसली का नाई, ते पाह्यलं."

एवढी वर्षं दामिनी आईला त्या ओसरीच्या भिंतीजवळ उभी पाहत आली होती, पाठींच्या मागं, वाट पाहत. आणि आई कधीच तिथून निघून गेली होती.

"तुही खटपट मले दिसत होती," गोकुळा म्हणाली. "पन मी काही मनलं नाई. माह्यासाठी मनून करत होतीस, पन पाह्याचं तुले होतं. होय ना?"

दामिनीनं होय म्हटलं. मग दवाखान्यातल्या चेहऱ्याचंही सांगितलं, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. गोकुळानं ऐकून घेतलं. तिनं समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. तिच्या डोळ्यांपुढंही तो चेहरा येत असणार, हे दामिनीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"ऊठ," गोकुळा म्हणाली. "लुगडं बदलते. लोक जमाच्या आधी जाऊन येऊ."

धान कापून झालं होतं. बांध्या मोकळ्या पडल्या होत्या आणि शाळेच्या मागं ताट्यांचं कुंपण घालून आत तणस अंथरत होते, लोकांना बसायला मऊ लागावं म्हणून. पाळणेवाला अजून खांब जोडत होता. जिलबीच्या दुकानात कढई चढली नव्हती. उन्हं कलायला थोडा वेळ होता.

स्टेजवर पडदे लागले होते. निकेश नावाचा मिशीवाला गृहस्थ गाठी तपासत होता. यंदापासून पडदा त्याच्याकडं होता. गोकुळाला पाहून त्यानं वाकून नमस्कार केला आणि कुठं बसता म्हणून खुर्ची शोधायला लागला. गोकुळानं त्याला थांबवलं. तिनं दामिनीला डाव्या विंगेत नेलं. तिथं दोरीपाशी एक लाकडी पाट होता.

"इथी बस."

"माय, तुही जागा कुठी होती?"

"तिकडं," गोकुळानं स्टेजपलीकडं हात केला. "पन तू इथी बस."

दामिनी पाटावर बसली. दोरी तिच्या उजव्या हाताशी आली. बाबांच्या उंचीनं बांधलेली नव्हती, बांधणारा दुसरा होता, पण जागा तीच. इथून नाटक दिसायचं ते असं. नटांची एक बाजू, दिव्यांच्या पाठी, राजवाड्याच्या मागं ठोकलेले आडवे बांबू. पुढं उघडी बांधी आणि तणसावर बागडणारी दोन कुत्री. लोक बसले की त्यांचे चेहरे इथून सगळे दिसत असणार, हसणारे, रडणारे, डुलक्या घेणारे. बाबांनी एवढे हिवाळे हे पाहिलं होतं. त्यांच्या चेहऱ्याच्या मागं लागताना, ते स्वतः काय पाहत बसायचे, हे विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

निकेशनं विचारलं, एकदा ओढून बघता का. तिनं दोरी हातात घेतली. काथ्या तळव्याला टोचला. तिनं ओढलं आणि पडदा अडखळत, मग सरळ वर गेला. मोकळं स्टेज उजेडात आलं.

गोकुळा ते ओलांडून पलीकडं गेली. घाई न करता, मधोमध चालत, जशी आपल्याच अंगणातून. उजव्या विंगेत एक पेटी होती, तिच्यावरचे मुकुट तिनं नीट उचलून खाली ठेवले आणि बसली. दोन्ही हात मांडीत घेतले. आणि मग स्टेजच्या या टोकाकडं, दोरी धरून बसलेल्या दामिनीकडं, मान जराही न हलवता पाहत राहिली.