शिकणारा सोडून

गाडी थांबली तशी मास्तरीणबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या आणि तळ्याकडे ढुंकूनही न बघता बोनेटला वळसा घालून पुढचा बंपर बघून आल्या. बंपरला काही झालेलं नव्हतं. त्यांनी हात फिरवून पाहिला, बोटांना नुसती धूळ लागली.

"काय शोधतेस?" मास्तरांनी डिकी उघडत विचारलं.

"काही नाही. पाय मोकळे करतेय."

पाऊण तासापूर्वी एका वळणावर समोर सायकलवाला आला होता. पुढच्या सीटवर त्या होत्या, म्हणून त्यांनाच तो दिसला. मागे मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात कोडी घालण्यात गुंग होती. मास्तरीणबाईंच्या तोंडून "अहो" निघालं तेव्हा कुठे मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. सायकलवाला खडीत उतरला, कसाबसा तोल सावरला आणि मागून हात उगारून काहीतरी ओरडला.

"दिसला होता मला," मास्तर म्हणाले.

चौतीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेला माणूस. अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांनी दिसला म्हटल्यावर पुढे बोलायची सोयच नव्हती. क्लास बंद करून दोन वर्षं झाली होती, पण गाडी तीच होती, शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक असलेली.

आठवडाभरासाठी घेतलेलं कॉटेज छोटं आणि नीटनेटकं होतं. दोन खोल्या, काचेचा व्हरांडा, व्हरांड्यातून पाच पायऱ्या उतरल्या की पाणी. मालकाने दाराशी सामानाची यादी लटकवली होती. मास्तरांनी ती काढली, लांब धरली, जवळ धरली आणि नातीच्या हातात दिली.

"वाच मोठ्याने. वाचन सुधारतं."

नात वाचत गेली, सहा बशा, चार पातेली, दोन वल्ही, आणि मास्तर मान डोलवत राहिले. चहा ओतताना मात्र त्यांनी कपाच्या काठावर बोट ठेवलं होतं, चहा कुठवर आला ते कळावं म्हणून. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं. तीन महिने त्या असंच काहीबाही पाहत होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की मास्तर म्हणायचे, चष्मा आहे की नाकावर.

संध्याकाळी जावई पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय हलवत होता. त्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"रविवारी परत जाताना गाडी तुम्ही चालवा."

"मी तयार आहे. पण मास्तर देतील?" तो म्हणाला. "आई, त्यांचा नियम तुम्हाला माहितीये."

माहीत नसायला काय झालं. मास्तर गाडीत असताना स्टिअरिंगला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, शिकणारा सोडून. शिकाऊला सगळं माफ, परवाना मिळालेल्याला काही माफ नाही. जावई त्यांच्याचकडे शिकला होता. गाडी शिकायला आला आणि मुलगी घेऊन गेला, असं मास्तरांनी लग्नात दिसेल त्याला सांगितलं होतं. पण परवाना मिळाल्याला अकरा वर्षं झाली तरी सासऱ्यांच्या गाडीची चावी काही त्याच्या हाती आली नव्हती.

"तुम्ही सांगून बघा ना," जावई म्हणाला.

सांगायचं म्हणजे तुम्हाला दिसत नाही असं सांगायचं. ते त्यांच्याने होणार नव्हतं. आणि न सांगता रविवारी नातीला त्या गाडीत बसवणंही होणार नव्हतं.

शिकणारा सोडून. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत बसल्या.

खरं तर त्याही एकदा शिकाऊ होत्या, एकोणतीस वर्षांपूर्वी, पुरत्या वीस मिनिटांसाठी. मागच्या सीटवर दोन शिकाऊ आपली पाळी येण्याची वाट बघत होते. मास्तरीणबाईंच्या पायाखालून क्लच सुटला, गाडी उसळी मारून फुटपाथला लागली, आणि मास्तरांनी दुसरा ब्रेक दाबत म्हटलं होतं, "तू आपलं शिवणयंत्रच चालव. ते भिंतीकडे तोंड करून असतं, कुठे जात नाही." मागचे दोघं हसले. त्या तिथेच उतरल्या आणि चालत घरी गेल्या. पुढे त्या यंत्रावर त्यांनी शाळांचे गणवेश शिवले, लग्नाचे पोशाख शिवले, मुलीचं शिक्षण काढलं. पण स्टिअरिंगमागे परत बसल्या नाहीत. लोक कौतुकाने मास्तरीणबाई म्हणायचे आणि दर वेळी त्यांना ते टोचायचं. तो राग त्यांनी तळहाताच्या फोडासारखा जपला होता.

त्या उठल्या, आत गेल्या आणि मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"मला गाडी शिकवा."

मुलीच्या हातातला चमचा थांबला. घरात त्या विषयाला कोणी हात लावत नसे.

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही," मास्तर म्हणाले.

"साठीला दोन वर्षं आहेत अजून. फाटकापर्यंतचा रस्ता कॉटेजवाल्यांचाच आहे, कोणी येत-जात नाही."

मास्तरांनी आणखी एकदा नाही म्हणून पाहिलं, पण त्यात दम नव्हता. थोड्या वेळाने ते बाहेर गेले आणि दुसऱ्या ब्रेकची पट्टी रुमालाने पुसताना दिसले. रविवारी काय करायचं ते मास्तरीणबाईंना अजून सुचलेलं नव्हतं. सध्या निदान मास्तरांना शेजारच्या सीटवर बसवलं होतं.

पहिल्या सकाळी गाडी सात वेळा बंद पडली.

"पडू दे," मास्तर म्हणाले. "बंद पडलेली गाडी कोणाला धडकत नाही. श्वास घे. यंत्राच्या पट्टीवर पाय कसा ठेवतेस? कापड जाड असलं की?"

"हळू."

"मग हे जाड कापड आहे."

हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मऊ, न घाईतला, चुकीला न घाबरणारा. चौतीस वर्षं हा आवाज परक्या माणसांना मिळाला होता आणि घरी आला तो उरलासुरला. गाडी चालू लागली याचा आनंद व्हायच्या ऐवजी त्यांना रडू आलं, आणि रडू आलं याचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघत बसता? रस्त्याकडे बघा."

"शिकवणारा रस्ता बघत नाही. शिकणाऱ्याचे डोळे बघतो. तुझे डोळे मोठे झाले की माझा पाय ब्रेकवर."

तिसऱ्या दिवशी फाटकाशी गाडी वळवता वळवता त्यांनी विचारलंच.

"तेव्हा असं का नाही शिकवलंत?"

"मागे दोघं बसले होते. त्यांना काहीतरी दाखवायचं होतं मला."

"काय?"

"ते आता आठवत नाही. तू उतरून गेलीस ते आठवतं. रस्ता ओलांडेपर्यंत बघत होतो." मग ते म्हणाले, "चूक माझी होती. घे गाडी पुढे."

एकोणतीस वर्षांच्या रागाला एवढंसं उत्तर. पण ते आलं होतं, आणि त्या दिवशी परत येताना गाडी एकदाही बंद पडली नाही.

शनिवारी मधल्या वळणानंतर, झाडाच्या सावलीत, रस्त्यावर गाय उभी होती. तपकिरी, चांगली धिप्पाड. मास्तरीणबाईंना ती लांबूनच दिसली. पाय ब्रेकवर न्यायचा, एवढंच करायचं होतं. त्यांनी ते केलं नाही. सरळ शिवण घालताना ठेवतात तशी नजर त्यांनी ठेवली, शांत, पापणीही न हलवता, म्हणजे शेजारच्या माणसाला त्यांच्या डोळ्यांतून काही वाचता येऊ नये. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकत राहिली. मास्तर निवांत बसले होते. पाय दुसऱ्या ब्रेकजवळ होता आणि तिथेच राहिला.

गायीची शिंगं बोनेटच्या वर आली तेव्हा त्यांनीच ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन बंद पडली.

"काय झालं?"

"क्लच सुटला," त्या म्हणाल्या.

गाय वळली आणि रमतगमत मास्तरांच्या बाजूने निघून गेली. तिची शेपटी खिडकीच्या काचेवर घासली. मास्तरांनी मान वळवली आणि ती पार मागे जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.

"क्लच सुटला," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि डोळ्यांवर न ठेवता खिशात ठेवला. मास्तरीणबाईंना स्वतःची विलक्षण लाज वाटली. शिकवणाऱ्याची अशी परीक्षा घ्यायची नसते.

"चालू कर परत," मास्तर म्हणाले, त्याच मऊ आवाजात.



रविवारी सकाळी सामान डिकीत गेलं, यादी दाराला परत लटकली. चावी मास्तरांच्या हातात होती. मास्तरीणबाई गाडीजवळ उभ्या होत्या आणि रात्रभर जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवत नव्हतं. मास्तर स्टिअरिंगच्या बाजूला आले, दार उघडलं आणि तसेच थांबले.

"जावईबापू, मागे तुम्ही तुमची गाडी काढलीत, तेव्हाच बघितलं. फार वाईट सवयी लागल्यात तुम्हाला. आज उजळणी घेऊ. बसा."

जावयाने सासूकडे बघितलं. सासूबाई बॅगेची चेन लावण्यात गढल्या होत्या, बॅग आधीच बंद होती.

"काय चुकतं माझं, मास्तर?"

"कळेल. शिकाऊने फार प्रश्न विचारायचे नसतात."

चावी त्याच्या हातात देऊन ते गाडीला हाताने चाचपत वळसा घालून गेले आणि शेजारच्या सीटवर बसले. मागे मुलगी, नात आणि मास्तरीणबाई.

"आता एक करायचं," गाडी निघाली तसे मास्तर म्हणाले. "समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगत चालवायचं. काही गाळायचं नाही."

"असं तेव्हा नव्हतं शिकवलंत."

"पद्धती बदलतात."

जावई आधी लाजला. मग म्हणाला, "फाटक. उघडं आहे. रस्ता मोकळा." मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याचा आवाज सुटला. "समोर ट्रक, लांब आहे. कडेला सायकल, बाई आहे, मागे मूल बसलंय." प्रत्येक शब्दाला मास्तर मान हलवत होते, उत्तर बरोबर आल्यासारखी.

"तळ्यात होडी आहे, आजोबा," नात म्हणाली.

"ती रस्त्यात नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "कुठल्या रंगाची?"

"लाल."

मास्तरीणबाई पुढे झुकून बसल्या होत्या. त्यांचा हात मास्तरांच्या सीटच्या पाठीवर कधी गेला ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"मागच्या शिकाऊ गप्प का?" मास्तर मान न वळवता म्हणाले. "तुला काय दिसतंय?"

त्यांनी रस्त्याकडे बघितलं.

"वळण आहे," त्या म्हणाल्या. "डावं. पलीकडे मोकळं आहे."

"बरं," मास्तर म्हणाले. "सांगत राहा."