चौथीतली प्रांजल

राजगडाच्या पायथ्याला, पालीत, रतनबाईचं छपराचं हॉटेल आहे. हॉटेल कसलं, चार वासे, वर पत्रा, दोन बाकडी आणि मागच्या बाजूला चूल. शनिवार-रविवारी गड उतरून आलेली माणसं तिथं पिठलं-भाकरी खातात, ताक पितात. ताकाचे ग्लास तिची थोरली लेक प्रांजल नेऊन द्यायची, आणि पाहुणे हमखास विचारायचे,

"बाळा, कितवीत आहेस? तिसरी का चौथी?"

प्रांजल पंधरा वर्षांची होती, नववीत शिकत होती. आधी आधी ती खरं सांगायची. मग माणसं एकमेकांकडं बघायची. कुणी "अगं, खात जा की जरा" म्हणून हसायचं. बायका तर रतनबाईकडं अशा बघायच्या, जणू आईनंच लेकीला उपाशी ठेवलंय. शेवटी शेवटी प्रांजल "चौथीत" म्हणून मोकळी व्हायला लागली. पाहुणे "शहाणी गं!" म्हणायचे, गाल ओढायचे आणि पुढच्या गप्पांना लागायचे.

दहाव्या वर्षापर्यंत ती बरोबरीच्या पोरींसारखीच होती. मग पोट दुखायला लागलं. जेवलं की खाली उजव्या बाजूला कळ उठायची, शाळेत तासाच्या मधेच बाहेर पळावं लागायचं. जंताची औषधं झाली, काढे झाले, दृष्ट काढून झाली. हळूहळू तिनं खाणंच कमी केलं, कारण खाल्लं नाही तर दुखत नव्हतं. घरात कुणाच्या ते फारसं लक्षात आलं नाही. लक्षात आली ती कोमल. ही धाकटी बहीण तिच्याहून तीन वर्षांनी लहान, पण ती आधी प्रांजलच्या बरोबरीला आली, मग डोक्यावरून गेली. आता कोमलला आखूड झालेले ड्रेस थोरलीला यायला लागले. रतनबाई ते धुऊन, घडी घालून प्रांजलच्या पिशवीत ठेवायची.

आरोग्य केंद्रात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, वय विचारलं, पुन्हा विचारलं आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं दुर्बिणीनं तपासणी झाली. आतड्याला आतून सूज होती, जखमा होत्या. क्रोन्स नावाचा आजार. रायबानं, प्रांजलच्या वडलांनी, ते नाव परतीच्या एसटीत चार वेळा म्हणून बघितलं आणि गावात कुणी विचारलं की "आतड्याला सूज हाय" एवढंच सांगायचं ठरवलं.

पुढच्या खेपेला पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी प्रांजलच्या डाव्या हाताचा एक्स-रे उजेडावर धरला.

"वय पंधरा आहे, पण हाडं अकरा वर्षांच्या मुलीची आहेत," त्या म्हणाल्या. "ही टोकं बघा, अजून जुळलेली नाहीत. म्हणजे वाढायला जागा आहे. पण खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि जे लागतं ते सुजेतच संपतं. आधी सूज उतरवायची."

"म्हंजी वाडंल न्हवं ती?" रायबानं विचारलं.

"वाढेल. किती, ते आज नाही सांगता येणार."

रोजची गोळी सुरू झाली. आणि आठ आठवडे जेवण बंद. फक्त एक पावडर पाण्यात कालवून प्यायची, सकाळपासून रात्रीपर्यंत. बाकी नुसतं पाणी. भाकरीचा तुकडा नाही, ताक नाही.

पावडरीला व्हॅनिलाचा वास होता. तिसऱ्या दिवसापासून त्या वासानं तिला मळमळायला लागलं, पण ती प्यायची. अवघड वेगळंच होतं. चुलीवर झुणका टाकला की लसणाची फोडणी नाकात जायची. पाहुण्यांच्या ताटात कांदा ठेवताना तोंडाला पाणी सुटायचं. घरची मंडळी जेवायला बसली की ती आपला ग्लास घेऊन बाहेर गोठ्यापाशी जाऊन बसायची. पहिले काही दिवस रतनबाई हाक मारायची, "हितं येऊन बस की गं." मग तिलाच लेकीसमोर घास उतरेना, म्हणून तिनं हाक मारणं सोडलं. ते प्रांजलला कळत होतं. तरी आतून ताटल्यांचा आवाज आला की आज कुणी तरी बोलवेल असं तिला वाटायचं.

शाळेतही तसंच. अश्विनी तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. पूर्वी एसटीत दोघी एका बाकावर बसायच्या. आता अश्विनी उंच झाली होती, ओढणी सावरत मोठ्या पोरींच्यात उभी राहायची. त्या काहीबाही कुजबुजायच्या, कधी पाळीतल्या पोटदुखीबद्दल, कधी कुणा मुलाबद्दल, आणि प्रांजल जवळ आली की गप्प व्हायच्या. वाईट मनानं नव्हे. लहान पोर जवळ आलं की मोठी माणसं विषय बदलतात, तसं. एकदा अश्विनीनं गर्दीत तिचा हात धरून तिला बसमध्ये चढवलं. तेव्हापासून प्रांजल मागच्या दारानं चढायला लागली.

अशात सोनिया आली. भोरचा पप्पू ट्रेकचे ग्रुप घेऊन गडावर यायचा. त्याची ही मुलगी. तिला वरपर्यंत चढवत नसे, म्हणून तो तिला रतनबाईपाशी ठेवून जाई. पहिल्याच दिवशी सोनिया ताकाच्या पिंपाशी येऊन उभी राहिली.

"मी चौथीत आहे. तू?"

"मी पण," प्रांजल म्हणाली. सवयीनंच तोंडातून गेलं.

"मग खेळू या?"

प्रांजलनं घरातनं सागरगोटे आणले. सोनियाला एकही झेलता येईना. दोघींवर हसून हसून लोळायची वेळ आली. आपण शेवटचं असं कधी हसलो, ते प्रांजलला आठवेना. सोनिया तिच्याकडं सरळ बघत होती, वरून नाही.

मग पप्पूचा ग्रुप असला की सोनिया यायचीच. दोघी ओढ्यात पाय सोडून बसायच्या, शेळीच्या करडांना नावं द्यायच्या. सोनिया तिच्या वर्गातली भांडणं सांगायची आणि प्रांजलही सांगायची, पाच वर्षांपूर्वीची, कालची असल्यासारखी. सोनियानं डबा पुढं केला की "माझा उपास हाय" म्हणायची.

"तुझा रोज कसा उपास असतो गं?"

"नवस हाय आईचा."

रतनबाई हे चुलीपाशी बसून ऐकत होती. ती एकदा म्हणाली, "खोटं कशापायी बोलतीस पोरीपशी?"

"तिला न्हाई कळलं तर काय बिघडतंय?" प्रांजल म्हणाली. रतनबाईनं चुलीत लाकूड सारलं. लेक खेळतीय, हेच तिला पुष्कळ होतं.

एका रविवारी सोनिया डब्यातून केकचा तुकडा घेऊन आली. आदल्या दिवशी तिचा वाढदिवस झाला होता. तुकड्यावर गुलाबी फूल होतं. ते तिनं कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

"हे तुझ्यासाठी ठेवलंय. आज तरी खा. नवसाला केक चालतो, मी माझ्या मम्मीला विचारलं."

प्रांजलनं डबा हातात घेतला. "नंतर खाते," म्हणाली. सोनिया समोरून हलेना. प्रांजलनं फुलाला बोट लावलं, बोट तोंडापर्यंत नेलं आणि थांबली. डॉक्टर मॅडमना तिनं शब्द दिला होता, आणि आठवडे संपत आले होते. तिनं डबा खाली ठेवला.

"मला नको," ती म्हणाली. आवाज हवा त्याहून कडक निघाला.

सोनियाचे डोळे भरले. "तुला मी आवडतच नाही."

तेवढ्यात पाण्याची कळशी घेऊन कोमल आली. रडकी सोनिया बघून ती मोठेपणानं म्हणाली, "अगं, तिला खाया बंदी हाय. ताईच्या आतड्याला सूज हाय, म्हून तर ती वाडली न्हाई. पंदरा वर्साची हाय ती, नववीत."

सोनियानं प्रांजलकडं पाहिलं. आधी हसली, कोमल थट्टा करतेय असं वाटून. मग प्रांजल ग्लास गोळा करायला लागली तशी तिचं हसू गेलं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि बाकड्यावर जाऊन बसली. पप्पू उतरून येईपर्यंत ती तिथंच होती. प्रांजलनं त्या दिवशी ताकाचे ग्लास विसळून विसळून हात पांढरे करून घेतले.

पुढच्या खेपेला सोनिया आली तेव्हा छपराबाहेरच उभी राहिली.

"प्रांजलताई, पाणी मिळेल?"

पप्पूनं तिला शिकवलं असेल. प्रांजलनं तांब्या दिला. "खेळायचं का?" तिनं विचारलं.

सोनिया बसली, सागरगोटे उडवले, पण आता ती प्रत्येक डावाला "मी घेऊ का?" विचारत होती. थोड्या वेळानं तिनं खाली मान घालून विचारलं, "तुला वाईट वाटतं का गं, असं लहान राहिल्याचं?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी दुखतं का विचारलं होतं, आईनं भूक लागली का विचारलं होतं.

"व्हय," प्रांजल म्हणाली. "लई."

सोनियानं मान हलवली. मग बाहेर ग्रुपमधल्या कुणाची तरी दोन मुलं चेंडू घेऊन आली आणि ती त्यांच्याकडं पळाली. पावसाळा लागल्यावर पप्पूनं ग्रुप दुसरीकडं न्यायला सुरुवात केली. सोनिया पुन्हा पालीला आली नाही.

आठ आठवडे संपले. पहिला घास मऊ भाताचा होता, तूप घातलेला. सगळे भोवती बसून बघत होते, त्यामुळं प्रांजलला तो नीट गिळताही येईना. पण कळ उठली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. गोळी चालूच राहिली, पुण्याच्या फेऱ्या चालू राहिल्या. वजन चढलं. उंची मात्र जागची हलेना. मॅडम म्हणायच्या, "थांब, आधी वजन, मग उंची." ती थांबायची. दुसरं करणार काय.

दहावीचं वर्ष अर्धं सरलं तेव्हा एक दिवस हायस्कूलातून येताना तिच्या टाचा चपलेच्या मागं आल्या होत्या, अंगठ्याला पट्टा काचत होता. रस्त्यात ती तीनदा थांबली. चपला बिघडल्या असतील, असंच तिला वाटलं.

"आई, चपला लागायला लागल्यात."

"सरावतील," भाकरी थापता थापता रतनबाई म्हणाली. मग तिचे हात थांबले. तशीच पिठाच्या हातानं ती उठली, लेकीच्या पायाशी बसली आणि टाच आणि चपल बोटांनी चाचपली. पुन्हा चाचपली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी ती डोळे पुसत उठली आणि म्हणाली, "उद्याच्याला जा येल्ह्याला. म्होटा नंबर घे."

दुसऱ्या दिवशी प्रांजल एकटीच वेल्ह्याच्या बाजाराला गेली. अश्विनीला विचारावं असं मनात आलं होतं. पण अश्विनीला काय सांगायचं? तिच्या चपला कधीच्याच पाच वेळा बदलून झाल्या होत्या, तिला त्यात विशेष काय वाटणार. दुकानदारानं पाय न बघताच लहान मुलांच्या चपला पुढं टाकल्या. प्रांजलनं त्या पायात घालून बघितल्या आणि एक नंबर मोठ्या मागितल्या.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. शेजारी कुणी नव्हतं. तिनं नव्या चपलांतले पाय बाकाखालून जरा पुढं काढले आणि पालीकडं वळायचा मार्गासनीचा फाटा येईपर्यंत त्यांच्याकडंच बघत राहिली.