नक्षी शाबूत होती

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. माझ्या अंगावरची नक्षी अजून खोल आहे आणि कडा तशाच धारदार आहेत. मला पाहून कुणीही म्हणेल की हा फारसा चाललेला दिसत नाही. ते खरेच आहे. मी फार चाललो नाही, आणि त्यामुळेच जे घडले ते घडले.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. रबर आणि काजळी एकत्र मळून, आत दोरांचे थर घालून मला तापलेल्या साच्यात दाबले. माझे रबर मुद्दाम मऊ ठेवले होते. मऊ टायर लवकर झिजतो, पण रस्त्याला धरून राहतो. आम्ही चौघे भाऊ जहाजातून हैफा बंदरात उतरलो आणि तिथून बेरशेबाच्या एका पंचेरियात आलो. पंक्चर काढायच्या दुकानाला इथे पंचेरिया म्हणतात.

त्या दुकानात नॅथन नावाचे गृहस्थ काम करत. मूळचे अलिबागकडचे मराठी ज्यू, बेने इस्राएल. तरुणपणी भायखळ्याच्या गॅरेजात राबले आणि मग बायको-पोरीला घेऊन इस्राएलला आले. राहायला येरुहामला होते. रोज सकाळी बसने बेरशेबाला यायचे आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परतायचे.

१९८१च्या वसंतात त्यांचा जावई एली दुकानात आला. तो इथेच जन्मलेला, कारखान्यात मेकॅनिक होता. मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरने त्याला आपली बंद पडलेली स्पोर्ट्स कार दिली होती. दोन वर्षे खपून एलीने ती चालती केली होती. लांब नाकाची, दोन माणसांची गाडी. इंजिन असे, की पाय जरा जोरात पडला तर मागची चाके जागीच फिरायची.

एलीला शर्यतीचे टायर हवे होते. नॅथनमामांनी मान हलवली.

"ते तापले की धरतात. थंड असताना धरत नाहीत," ते म्हणाले. "आणि आपल्या रस्त्यावर वाळू असते. नक्षीच नसली तर वाळू जाणार कुठे?"

"मग कडक घेऊ, अबा. पुष्कळ वर्षं टिकतील," एली म्हणाला. इथे बापाला अबा म्हणतात. एली सासऱ्यालाही अबाच म्हणायचा.

"एवढ्या ताकदीच्या गाडीला कडक टायर? गोल वळणावर सरळ जाशील."

मग त्यांनी मला खाली काढले. माझ्यावर तळहात फिरवला आणि एलीचा हात धरून त्यालाही फिरवायला लावला.

"हा घे. मऊ आहे, नक्षीही आहे. पण एक ध्यानात ठेव. हा दोन-तीन वर्षांचाच सोबती. चालवून झिजव आणि फेकून दे. उन्हात उभा ठेवलास तर वरून नवा दिसेल आणि आतून मरेल."

गाडीला टायर चढले त्या दिवशी घरी देवाचे आभार मानायला गोड पोह्यांचा मलिदा केला होता. नॅथनमामांची मुलगी डिना पहिल्यांदा गाडीत बसली आणि एलीने गावाबाहेरच्या वळणांवर आम्हाला पळवले. मित्रांनो, त्या दिवसाचा आनंद मी विसरलेलो नाही. वळण आले की मी रस्ता घट्ट धरायचो आणि गाडी माझ्या भरवशावर वळायची. एकदा उतारावर अचानक उंट आडवा आला. एलीने ब्रेक दाबला. उंटापासून दोन हातांवर आम्ही चौघांनी गाडी थांबवली. घरी आल्यावर डिनाने ते सांगितले, तेव्हा नॅथनमामा उठले. बाहेर येऊन त्यांनी आम्हा चौघांवरची धूळ फडक्याने पुसली.

पेट्रोल महाग होते, म्हणून गाडी कधीमधीच निघे. वर्षभरात आम्ही जेमतेम रुळलो.

१९८२च्या जूनमध्ये लेबनॉनचे युद्ध पेटले आणि एलीला लष्कराचे बोलावणे आले. त्याने गाडी घराशेजारी भिंतीलगत उभी केली आणि बस पकडली. नवव्या दिवशी गणवेशातली तीन माणसे दाराशी आली. आतून फक्त खुर्ची पडल्याचा आवाज आला.

एली परत येणार नव्हता. त्यानंतर गाडी हलली नाही. महिन्याभराने नॅथनमामा विटा घेऊन आले.

"पोरी, गाडी उचलून विटांवर ठेवतो. टायर काढून सावलीत ठेवतो."

"नको, बाबा. त्यानं लावलीय तशीच राहू दे."

"उन्हानं मरतील गं ते."

"दाय," डिना म्हणाली. म्हणजे पुरे. नॅथनमामांनी विटा परत नेल्या.

चार उन्हाळे गेले. नेगेव वाळवंटाचे ऊन तुम्हाला माहीत आहे. नॅथनमामा अधूनमधून इंजिन चालू करत, पण गाडीचा सगळा भार एकाच जागी घेऊन मी उभा होतो. हवा कमी झाली की नॅथनमामा पंपाने भरत, तेवढाच मला माणसाचा स्पर्श होई. डिना शुक्रवारी दुपारी कधीतरी आत येऊन बसायची, स्टिअरिंग धरायची आणि निघून जायची. माझ्यातला मऊपणा हळूहळू उडून गेला. मी लाकडासारखा झालो. पण नक्षी शाबूत होती.

१९८६मध्ये डिनाला हैफाच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी मिळाली. जाण्यापूर्वी तिने स्वतःहून गाडी विकायचे ठरवले. पेताह तिक्वाहून अव्नेर नावाचा तरुण आला. एका शुक्रवारी सकाळी बसमधून उतरला आणि गाडीभोवती तीनदा फिरला.

"टायर तर नवेच आहेत," तो हिब्रूत म्हणाला.

नॅथनमामांनी दाराकडे पाहिले. डिना किल्ली मुठीत घेऊन उभी होती. चार वर्षांत पहिल्यांदा ती मूठ उघडायला तयार झाली होती. 'उद्या शब्बाथची सुट्टी, रविवारी या, दुकानातून दुसरे टायर आणून बसवून देतो,' असे म्हटले तर रविवारपर्यंत ती पुन्हा मिटेल, ही भीती त्यांना वाटली. मी त्यांना ओळखतो. दुसरे कुठलेच कारण नव्हते.

"बेरशेबात टायर बदलून घ्या. सावकाश जा," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"बेसेदेर," ठीक आहे, असे म्हणत अव्नेरने किल्ली घेतली.

गावाबाहेर पडल्यावर त्याने पाय दाबला. रस्ता कोरडा होता, समोर कुणी नव्हते. एली जे वळण हसत घ्यायचा तेच वळण आले. मी मागचा उजवा टायर. मी रस्ता धरायला गेलो आणि मला धरताच आले नाही. मी नुसता घसरत राहिलो. गाडी कोरड्या ओढ्यातल्या दगडांवर जाऊन पडली.

अव्नेर वाचला. त्याचे पाय मात्र पुन्हा हलले नाहीत. अपघाताच्या कागदात पोलिसांनी 'अतिवेग' एवढेच लिहिले. आमच्याकडे कुणी पाहिले नाही.

ते कळल्यावर डिनाने विचारले, "बाबा, टायरमुळे झालं का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. नॅथनमामांनी हातातले फडके खाली ठेवले.

"हो," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. तू मन बदलशील म्हणून मी जोर करून बोललो नाही."

"आणि मी तुम्हाला ते काढू दिले नाहीत."

दोघे बापलेक इस्पितळात गेले. अव्नेरची आई बतशेवा खाटेशी बसली होती. नॅथनमामांनी तिच्यादेखत सगळे सांगितले. अव्नेर छताकडे पाहत म्हणाला, "तुम्ही बदला म्हणाला होतात."

"म्हणालो. किल्ली अडवून ठेवायला हवी होती."

बतशेवा उठली आणि तिने दार उघडले. "आता जा," एवढेच ती म्हणाली. नंतर नॅथनमामा पेताह तिक्वाला चार वेळा गेले. दार एकदाही उघडले नाही. डिना हैफाला गेली, पण वर्षभर उशिरा. दुकानात नॅथनमामा आता कुणाचा टायर मेलेला दिसला की तो बदलल्याशिवाय गाडी जॅकवरून खाली उतरवत नाहीत. गिऱ्हाइके त्यांना भांडकुदळ म्हणतात.

आणि मी? भंगारातून मला येरुहामच्या बागेत आणून अर्धा मातीत पुरले आहे. तुम्ही माझ्यावरून उड्या मारता, ते मला आवडते. पण मित्रांनो, ज्या गाडीत तुम्ही बसता तिचे टायर किती वर्षांचे आहेत, हे घरी विचारत जा. नुसती नक्षी पाहून आम्हाला नवे म्हणू नका. आणि धोका दिसला तर तो मोठ्याने सांगा, कुणाचे मन दुखले तरी सांगा. नॅथनमामा वाईट माणूस नाहीत. ते फक्त हळू बोलले.