बावटा बांधलेली घसरगाडी

मी लूज नावाच्या बर्फावरच्या खेळातली घसरगाडी बोलतेय. पाली गावात धर्माजींच्या घरामागे दुरुस्तीच्या होड्या पालथ्या ठेवतात, त्यांच्या बाजूला माझी जागा आहे. परवापर्यंत माझ्या अंगावर एक फ्लेक्स होता, पाऊस लागू नये म्हणून टाकलेला. त्यावर रुचिताचा हसरा फोटो, तिच्या गळ्यात सोन्याचं पदक आणि वर ठसठशीत अक्षरांत छापलेलं, 'आपल्या गावची सुवर्णकन्या'.

ते पदक कम्प्युटरवर लावलेलं होतं. रुचिता त्या शर्यतीत शेवटची आली. मला माहीत आहे, कारण ती माझ्यावर बसूनच आली.

लाज फक्त माणसाला असते असं माणसांना वाटतं. वस्तूवर खोटं पांघरलं की तिला काय होतं, ते कोणी विचारत नाही.

माझा जन्म याच अंगणातला. धर्माजी होड्यांचे सुतार. त्यांची थोरली मुलगी रुचिता बंदरावरच्या बर्फाच्या गोदामात कामाला होती. बोटी समुद्रात निघाल्या की मासे ठेवायला बर्फ लागतो. त्या लाद्या आकड्याने ओढून फळीवरून खाली सोडायचं तिचं काम. धाकटा निकेत खाली उभा राहून लाद्या अडवायचा. लहानपणी दोघं त्याच फळीवर गोणपाट टाकून घसरायची आणि आईचा मार खायची.

एकदा स्वरूप सर नावाचे प्रशिक्षक शेजारच्या उत्तनच्या चढावर पोरांना चाकांच्या गाडीवर शिकवायला आले. पाठीवर पडायचं, पाय पुढे, हातात एक पट्टा, आणि उतारावरून सुटायचं. रुचिता बघत उभी राहिली. सरांनी विचारलं, "करून बघतेस? पुढे बर्फावर करायचं असतं. बर्फाची भीती वाटते का?"

"बर्फाची कसली भीती, सर," ती म्हणाली. "आमच्याकडं तो मेलेल्यांसाठीच असतो."

सर हसले. तीही हसली. पुढे हे बोलणं मला फार टोचलं.

ती चाकांवर शिकली. भल्या सकाळी गाड्या कमी असताना चढावर जायची. रिक्षावाले हॉर्न मारत ओरडायचे, "ओ मॅडम, सोना है तो घर पे सोओ ना." शेजारची गोदूबाई मासळीची पाटी घेऊन जाताना थांबायची आणि शेवंतीला, म्हणजे रुचिताच्या आईला, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "शेवंती, तुजी पोर भर रस्त्यान उतानी पडलीय. उचलायला जाऊ का?"

शेवंती खाली मान घालून जाळं विणत राहायची. त्या घरात लाज माझ्या आधीपासून होती.

मग सरांनी खऱ्या गाडीचा नकाशा आणला. या खेळाचे दोन प्रकार आहेत. एकात सिमेंटची नळी बांधतात आणि तिच्यात बर्फ गोठवतात. आमचा दुसरा. डोंगराची जशी वाट असेल तशीच ती गोठवायची, वळणं जशी असतील तशीच घ्यायची. गाडीला ना ब्रेक, ना सुकाणू. खांदा झुकवायचा, पाय दाबायचा, पट्टा ओढायचा आणि थांबायचं तर बुटांचे खिळे बर्फात रोवायचे.

धर्माजींनी होडीच्या बरगड्यांसाठी ठेवलेल्या बाभळीतून आपसूक वाकलेली दोन लाकडं निवडली. ते माझे पाय. त्यांच्याखाली सरांनी आणून दिलेल्या पोलादी पट्ट्या बसवल्या. बैठक शेवंतीने विणली, जाळ्याच्या दोरीची. तोंडाने ती म्हणत होती, "मी काय या भानगडीत न्हाय." गाठी मात्र दुहेरी मारत होती.

नव्या होडीला लावतात तशी शेवंतीने मला हळद लावली, नारळ फोडला. मी होडीच आहे असं या घराने ठरवून टाकलं.

हिमाचलात आम्ही पडलो. दोन हिवाळे नुसतं पडणंच चाललं होतं. तिचं कोपर सोललं, माझी एक पट्टी वाकली. मग ती उभी राहायला शिकली, म्हणजे पडून राहायला शिकली. मान सैल सोडायची, घाबरायचं नाही. घाबरलेली पाठ दगडासारखी होते, माझ्या दोरीला ते आधी कळायचं. हळूहळू तिची पाठ मऊ झाली. देशातल्या शर्यतीत ती दुसरी आली आणि तिचं परदेशी जायचं ठरलं.

निघताना निकेत मला उचलून टेम्पोत ठेवत होता. त्याने आठवीत शाळा सोडलेली. डोकं तापट आणि पाय पुढे. धर्माजींची स्वतःची मासेमारीची बोटही होती आणि तिची एक जुनी रीत होती. मासळीने भरून आली की किनारा दिसताच डोलकाठीला लाल फडकं बांधायचं. तो बावटा बघून बाया पाट्या घेऊन बंदरावर पळायच्या. निकेतने तेच फडकं रुचिताच्या बॅगेत कोंबलं.

"भरून आलीस की बांध," तो म्हणाला. "फोटो पाठव. बाकी काय लिवू नको. मी समजंन."

ऑस्ट्रियातल्या त्या डोंगरावर इतकी थंडी होती की माझं लाकूड कुरकुरायला लागलं. तपासणीसाला माझ्या पायांवर पिवळे डाग दिसले. त्याने बोट लावून विचारलं, हे काय? रुचिता म्हणाली, "मदर." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, कापडाने डाग पुसले आणि आम्हाला सोडलं.

ती वाट मी विसरणार नाही. झाडांच्या मधून, सावलीतून, घट्ट निळ्या बर्फावरून. तिसऱ्या वळणावर माझा मागचा भाग फिरला. आता गेलो, असं मला वाटलं. तिने हात बर्फाला टेकवला, हातमोजा फाटला, पण तिने पाठ आखडू दिली नाही. आम्ही सरळ झालो. खाली पोचलो. त्या दिवशी पुष्कळ जणी वाटेतच कोलमडल्या, गाडी एकीकडे आणि बाई दुसरीकडे. ज्या पोचल्या त्यांच्यात रुचिता शेवटची.

ती बराच वेळ माझ्यावरून उठली नाही. हसत होती. मग तिने बॅगेतून ते लाल फडकं काढून माझ्या पट्ट्याला बांधलं. बक्षिसाचा चौथरा रिकामा झाला होता. कोणीतरी म्हणालं, उभी राहा, फोटो काढतो. मला कडेवर घेऊन ती उभी राहिली, नेमकी मधल्या पायरीवर. फोटो निकेतला गेला. ठरल्याप्रमाणे तिने सोबत काही लिहिलं नाही.

तिच्या मनात एवढंच होतं, न फुटता किनाऱ्याला लागलो.

निकेतने बावटा पाहिला आणि तो सुटला. कोणाला विचारणं नाही, फोन करणं नाही. संध्याकाळच्या आत त्याने छापखाना गाठला. पदक नव्हतं म्हणून छापणाऱ्याने स्वतःच लावून दिलं, सोन्याचं, चांगलं जाडजूड. खाली शुभेच्छुकांचे फोटो. रुचितापेक्षा तेच जास्त.

आम्ही परतलो तेव्हा नाक्यावर तो फ्लेक्स टांगलेला होता. खाली बेंजो पार्टी, फुलांनी सजवलेला टेम्पो, बाया हिरव्या साड्यांत. रिक्षातून उतरताना रुचिताने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"निकेत, काय आहे हे?"

"ताई, तू बावटा बांधलास ना."

"पोचले म्हणून बांधला रे. शेवटची आले मी."

निकेतचा चेहरा उतरत गेला. मागे लोक तिच्या नावाने ओरडत होते. तो तिच्या कानाशी वाकला. "आजच्या दिवस गप बस. आई बघ कशी आलीय. उद्या सांगू."

शेवंती पुढे उभी होती. जिने कधी मान वर केली नव्हती, तिने लग्नातली नथ घातली होती आणि गोदूबाईच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होती. रुचिता टेम्पोत चढली.

चौकात स्टेज होतं. मला हार घालून खुर्चीवर ठेवलं. रुचिताने माईक घेतला. "मला एक सांगायचंय," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेंजोवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी गाणं धरलं. तिने माईक खाली ठेवला. परत उचलता आला असता. तिने उचलला नाही.

घरी आल्यावर धर्माजींनी मला पालथं करून माझे पाय चाचपले. "भरली नव्हती ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा."

"फुटली पण न्हाय," ते म्हणाले आणि उठून गेले. त्यांना कळलं होतं. पण बायकोच्या नाकातली नथ त्यांनीही पाहिली होती. तेही गप्प राहिले.

तो उद्या आलाच नाही. शाळांची बोलावणी यायची, ती अंग दुखतंय म्हणून टाळायची. नाक्यावरून जाणं तिने सोडलं, लांबच्या गल्लीतून गोदामात जायची. पुढच्या हिवाळ्यासाठी सरांचा फोन आला तर म्हणाली, गुडघा बरा नाही. गुडघा छान होता. बावटा माझ्या पट्ट्याला तसाच राहिला. माल उतरला की बावटा सोडतात. आमचा माल कोणी उतरवलाच नाही.

पावसाच्या तोंडावर फ्लेक्स उतरवला गेला. इकडे कोणी फ्लेक्स फेकत नाही, होड्या झाकायला, गळकं छप्पर सांधायला कामी येतो. निकेतने तो माझ्यावर टाकला. छापील बाजू वर.

एका दुपारी रुचिता आली, फ्लेक्स बाजूला करून माझ्यावर बसली. निकेत जवळच जाळं सुकवत होता.

"नारळी पौर्णिमेला सगळा गाव बंदरावर असतो," ती म्हणाली. "तेव्हा सांगून टाकू. मग मी परत जाईन खेळायला. तू सांगशील की मी?"

"मी सांगंन. छापलं मी."

"बघ हां. पळशील."

"न्हाय पळणार."

खूप दिवसांनी तिची पाठ माझ्या दोरीवर मऊ झाली होती.

पौर्णिमेआधीच तिला ताप भरला. पावसाळ्यातला ताप, काढा घेतला, गोळ्या घेतल्या, उतरेल म्हणाले. हॉस्पिटलात नेली तेव्हा उशीर झाला होता. रायगडचे नातेवाईक येईपर्यंत तिचा देह ठेवायचा म्हणून बर्फ लागला. निकेत म्हणाला, दुसऱ्या कोणी आणायचा नाही. तोच गोदामात गेला. त्याने वरून लादी फळीवर सोडली आणि खाली अडवणारं कोणी नव्हतं. ती भिंतीवर आपटून फुटली. त्याने तुकडे गोळा करून आणले. त्याच्या तळहातांची कातडी पांढरी पडली होती, तरी तो तुकडे खाली ठेवेना.

लोक आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या गाडीनंच खाल्ली पोरीला." माझ्यावरून ती कितीदा पडली आणि दर वेळी उठली. पण वस्तूला उत्तर देता येत नाही.

परवा तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर माणसं अंगणात बसली. मला फ्लेक्ससकट पुढे आणून भिंतीला टेकवलं होतं, फोटोला हार. पंचांपैकी एक जण म्हणाला, "उत्तनच्या चढावर तिच्या नावाची दगडी पाटी लावू. 'सुवर्णकन्या' असं कोरून. निकेत, मजकूर तू सांग."

निकेत उठला. त्याने फ्लेक्सचा कोपरा धरला आणि ओढला. हारासकट फ्लेक्स खाली आला.

"ताई शेवटची आलती," तो म्हणाला. "पदक मी छापलं. तिनं कधीच म्हणलं नव्हतं. पौर्णिमेला सांगायचं व्हतं आमचं. ती लाजंत गेली माज्यामुळं. फ्लेक्सवरच्या बाईला बघून रस्ता बदलायची ती. स्वतःलाच बघून."

मग मागून एक जण म्हणाला, "गेलेल्या माणसाचं नाव आता कशाला घालवलंस?" दोघं-तिघं चपला घालून निघून गेले. गोदूबाई म्हणाली, "आणि मी माज्या नातींना सांगत फिरले, रुचितासारख्या व्हा." तिने पदर तोंडाला लावला. ती रागावली होती की रडत होती, मला कळलं नाही.

निकेत आईकडे बघत उभा होता. तिच्यासाठीच तो गप्प राहिला होता.

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. "शेवटची आली म्हणून मी तिला जेवायला वाढलं नसतं काय रं?" ती म्हणाली.

तो खाली बसला. तेराव्या दिवशी माणसाने एवढं रडायचं नसतं, पण त्याला कोणी अडवलं नाही.

पाटीचं काय होणार ते ठरलं नाही. लोक गेल्यावर धर्माजींनी मला उचलून मागे आणलं. निकेत मागोमाग आला. माझ्या पट्ट्याला ते फडकं अजून बांधलेलं होतं, उन्हापावसाने विटून गुलाबी झालेलं. त्याने गाठीला हात लावला आणि थांबला.

"सोड," धर्माजी म्हणाले. "उतरला माल."

गाठ फुगून घट्ट बसली होती. रुचिताने मारलेली, आईकडून शिकलेली, दुहेरी. त्याने सुरी घेतली नाही. नखांनी सोडवत बसला.

आता मी तिथेच आहे, दोन होड्यांच्या मधे. माझ्या पट्ट्या गंजतील, बाभूळ मात्र टिकेल. उत्तनच्या चढावर एखादी पोर चाकांवर उताणी पडलेली दिसली तर हॉर्न मारू नका. ती कितवी येणार, हेही आधी ठरवू नका. ती खाली आली की तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते पुरं ऐकून घ्या, बेंजो थांबवून.

माझं मागणं थोडं आहे. पाऊस अजून संपलेला नाही, मला झाकावं लागेल. साधी ताडपत्री टाका. काही छापलेलं नको.