चाळीसला एकशेवीस

मित्रांनो, एका जुन्या निळ्या मोटारीचा वेग मोजणाऱ्या मीटरची मी केबल. माझं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं मीटरला. गाडी धावली की माझ्या नळीतली तार फिरते आणि मीटरचा काटा वेग दाखवतो. पन्नास वर्षं मी डॅशबोर्डामागे अंधारात काढली. कौतुक झालं ते काट्याचं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मायेबद्दल.

आमचे मालक बाबुश मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यावर ओरडायला त्यांच्यापाशी ही गाडीच उरली. दिवाळीनंतर मी जरा कुरकुरू लागले. मास्तरांनी मला मीटरपासून सोडवलं आणि नळीत तेल ओतलं, हात न आखडता. आवाज गेला. पण डिसेंबर लागला आणि नवं दुखणं आलं. सकाळी तोंडवलीच्या रस्त्याला गाडी चाळीसने जाई आणि काटा एकशेवीसवर जाऊन बसे. आमची गाडी एकशेवीसने कधीच गेलेली नाही, उतारावरसुद्धा नाही.

त्यात गाडीची नोंदणी संपत आलेली. तपासणी सोमवारी सकाळी नऊला. "नापास झाली तर भंगारात," असं मास्तरांच्या पत्नी क्लाराबाय यांनी जाहीर केलं होतं.

भाई मेकॅनिक गॅरेज उघडतो अकराला. तोवर ऊन चढे आणि काटा शहाण्यासारखा वागे. भाईने चाक उचललं, मला मीटरपासून काढलं, चाक फिरवून पाहिलं. माझी तार व्यवस्थित फिरली.

"मास्तर, केबल बरी आसा. तेलबिल घातलात?"

"साधा तेल," मास्तर म्हणाले.

"मगे तुमका सपान पडता."

"रोज सकाळी तांच सपान?"

"गाडी म्हातारी, मालक म्हातारो. पडता."

रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेला जायची घाई होती. क्लाराबाय अंगणात बाटली उलटी धरून झटकत होत्या. खोबरेल थिजलेलं, थेंब पडेना. त्या थांबल्या. बाटलीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग नवऱ्याकडे.

"बाबुश, केबलीत तू कसला तेल घातलंस?"

मास्तर गाडीची काच पुसू लागले.

"बाबुश!"

"खोबऱ्याचा," मास्तर म्हणाले. "घाण्यावरचा. शुद्ध."

तेच तेल माझ्यातून वर चढत मीटरमध्ये गेलं होतं. तिथलं फिरतं चुंबक काट्याला हात न लावता ओढतं. पण थंडीत तेल थिजे, दोघं एकमेकांना चिकटत आणि काटा फरफटत शेवटाला जाई. उन्हात तेल वितळलं की सुटत.

त्या दिवशी भाईने रविवार असूनही गॅरेज उघडलं, बहुधा हसण्यासाठी. मला रॉकेलने धुतलं, मीटर पुसला, खालच्या बाजूला जरासं ग्रीस लावलं, वरचं टोक कोरडं ठेवलं.

"मास्तर, आता फोडणीच काय ती रवली."

सोमवारी नऊला चांगलीच थंडी होती. तपासणी अधिकारी शेजारी बसले. गाडी चाळीसला पोचली. काटा चाळीसवर. मास्तरांनी तेव्हा कुठे श्वास सोडला. गाडी पास झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण आपल्याला जे आवडतं ते त्यांच्या घशात ओतण्याआधी, त्यांना काय मानवतं ते जाणत्या माणसाला विचारा. आणि त्याने उलट विचारलं, तर खरं सांगा. मास्तरांनी वर्गात तीस वर्षं हेच सांगितलं असणार.

खोबरेलाची ती बाटली मास्तरांनी आता गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे, माझ्यापासून वीतभर अंतरावर. कालपासून मी पुन्हा थोडी कुरकुरते आहे. पण ऐकू जाणार नाही, इतपतच.