पाण्यात माणूस असेपर्यंत

"आई, त्या लाइटजवळ पाण्यात मुंग्या चावतात," सान्वी म्हणाली. सात वर्षांची पोर. पाण्यात कुठल्या मुंग्या? तरी त्या दिवसापासून मी तिला पूलमध्ये सोडलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा लिहिलं, तर हसणारे चेहरे आले. लिफ्टच्या आवाजावरूनही तक्रार करणारी बाई, अशी माझी ख्याती आहे. करते मी, खोटं कशाला बोलू.

पुढे पूलमधला तोच दिवा मिणमिणायला लागला आणि रविवारी मुलांच्या शर्यती होत्या. तेव्हा कुठे सेक्रेटरी विनीत यांनी गुणाजींना बोलावलं. गुणाजी जवळच्याच कोलशेत गावातले कोळी, साठीचे. आधी कारखान्यात वायरमन होते. शनिवारी सकाळी मी सान्वीचा हात धरून काठावर जाऊन उभी राहिले आणि त्यांना मुंग्यांचं सांगितलं.

पंपाच्या खोलीतला बोर्ड उघडून त्यांनी आत टॉर्च मारला. मग त्यांनी मला आत बोलावलं.

"ताय, ह्यो बघा. करंट गळला की लाइन पाडणारा स्विच. सारखा पडं म्हणून कोणीतरी वायर मारून बाजूला टाकलाय, आता तो पडतच नाय. पोरीनं खरा सांगितला."

मी सान्वीला जवळ ओढलं. मुंग्यांचं बोलली त्याआधी महिनाभर ती रोज तासतास त्या पाण्यात होती.

गुणाजींनी पंप आणि दिवे दोन्हींचा एकच असलेला पांढरा फ्यूज उपसून काढला आणि माझ्या हातात ठेवला. "खाडीत बापाचं जालं अडकलं की तो बुडी मारायचा. दोर आयेच्या हातात. दुसऱ्या कोणाला द्यायचा नाय. माझा फ्यूज मालन धरते, माझी बायको. आज तिचा गुडघा धरलाय. तुम्ही धरा."

"मी?"

"पोरीवर नजर ठेवता ना, तशी."

ते पाण्यात उतरले. एक स्क्रू फिरवला, तसा दिवा मागच्या वेटोळ्या केबलसकट सुटून वर आला. पूल रिकामा करावाच लागला नाही. काचेत अर्धा पेला पाणी हिंदकळत होतं आणि कडेचं रबर चिरलेलं होतं.

तेवढ्यात विनीत आले. "वहिनी, द्या तो फ्यूज जरा. बाकीचे तीन दिवे लागतात का बघतो. दोन मिनिटं. उद्या पाहुणे येणारेत."

"ते पाण्यात आहेत."

"अहो, गुणाजी त्या टोकाला आहेत!"

"पाणी एकच आहे."

पाण्यातून गुणाजी ओरडले, "शेक्रेटरीसाहेब, तुम्ही पयले उतरा, मग लावू!"

विनीत हसले नाहीत. मी मूठ मागे घेतली. बोटं दुखायला लागली होती.

चारही दिवे बदलायचे, झटका बसणार नाही असे बारा व्होल्टचे नवे, मंगळवारी, आणि तोवर फ्यूज माझ्याकडेच राहील, असं गुणाजींनी सांगितलं. शर्यती रद्द झाल्या. "तुझ्या आईमुळे," असं मुलं सान्वीला म्हणाली. ती रात्री न जेवता झोपली. रविवारी विनीत दारात आले. "दिवसा लाइट कशाला लागतात? नुसता पंप चालवू आणि शर्यती घेऊ." फ्यूज माझ्या तांदळाच्या डब्यात होता. मी नाही म्हटलं आणि दार लावून तिथेच उभी राहिले. आपण उगाच तर घाबरत नाही ना, हे स्वतःला विचारत.

मंगळवारी नवे दिवे बसले. सान्वी टॉवेल घेऊन काठावर उभी होती. गुणाजींनी स्विचवरची वायर काढली, मीटर लावून बघितलं, स्विचचं तपासणीचं बटण तीनदा दाबलं. तिन्ही वेळा स्विच खट्कन खाली पडला. मग त्यांनी फ्यूजसाठी हात पुढे केला. माझी मूठ उघडेना.

ते चपला काढून पाण्यात उतरले, मिणमिणणारा दिवा होता तिथे छातीभर पाण्यात उभे राहिले आणि नव्या दिव्याच्या काचेवर तळहात ठेवला.

"आता तुम्हीच लावा, ताय."

मी पंपाच्या खोलीत गेले. फ्यूज दुसऱ्या प्रयत्नात जागेवर बसला. स्विच वर केला आणि धावत बाहेर आले.

पाणी तळापासून निळं उजळलं होतं. गुणाजी तसेच उभे होते. त्यांनी हसून दुसरा हात वर केला.

सान्वीने येऊन माझा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी तिचा टॉवेल खांद्यावर घेतला आणि तिचा हात सोडला.