चालू यंत्राचे स्थलांतर

रंगाच्या कारखान्यात नमुने तपासणारी धाकटी बहीण कामावरून घरी आली की आधी चपलांच्या कपाटाशी जाई. त्या कपाटात चपला नव्हत्या. भंगारात निघालेल्या संगणकांचे सुटे भाग जोडून तिने तयार केलेला सर्व्हर तिथे गुणगुणत बसलेला असे. हवा खेळावी म्हणून तिने कपाटाच्या दाराला भोके पाडली होती. कपाट भावोजींचे होते. त्यांना भोके पाडून झाल्यावर विचारण्यात आले.

बसवल्यापासून यंत्र एकदाही बंद झालेले नाही, ह्याचा तिला विलक्षण अभिमान होता. घरी कोणी आले की पाणी देण्याआधी ती पडद्यावरचा तो चढता आकडा दाखवी. एखादी गोष्ट चालू असणे आणि धड असणे ह्यांत फरक आहे, हे कारखान्यात ती इतरांना रोज सुनावत असे. स्वतःच्या कपाटाला मात्र तिने हा नियम लावला नव्हता.

आज धाकटी, ताई आणि भावोजी अशा तिघांना घर बदलायचे होते. नवे घर गल्लीच्या पलीकडच्याच इमारतीत होते. सामान नेणारी माणसे सकाळीच आली होती, आणि दुपारी वीजवाला जुन्या घराचा मीटर काढणार होता. धाकटीने लॅपटॉप उघडला आणि सर्व्हरला शिस्तीत बंद होण्याची आज्ञा दिली.

आज्ञा सापडत नाही, असे उत्तर आले.

तिने पुन्हा दिली. पुन्हा तेच. मग तिने आणखी दोन-चार साध्या गोष्टी विचारून पाहिल्या आणि एकदम ताठ बसली. ती घाबरली होती, पण त्या भीतीखाली जे उसळत होते ते निखालस कुतूहल होते.

"ताई!" तिने हाक मारली. "इकडे ये! हे मेलंय!"

ताई हातात गुंडाळलेली चादर घेऊन आली. "दिवे तर लागलेत."

"तीच तर गंमत आहे! ज्या डिस्कवरून ते सुरू होतं ती केव्हाच गेलीय. सुरू होताना जेवढं स्मृतीत चढलं होतं, तेवढ्यावरच चाललंय. एकदा जरी बंद केलं असतं तरी कळलं असतं."

"मग माझी रेकॉर्डिंगं?"

धाकटीचा उत्साह जागच्या जागी गोठला. अंधशाळेच्या मुलांसाठी ताईने वर्षभर खपून भौतिकशास्त्राचे अख्खे पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित केले होते. शाळा उघडायला आठवडाच राहिला होता. ताईच्या लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही तेव्हा, "माझ्याकडे आहे, तू खुशाल पुसून टाक," असे धाकटीनेच सांगितले होते.

"ती दुसऱ्या डिस्कवर आहेत आणि ती डिस्क ठणठणीत आहे," ती म्हणाली. "पण तिला कुलूप आहे. किल्ली म्हणजे एक छोटी फाईल, ती मेलेल्या डिस्कवर होती. आत्ता कुलूप उघडं आहे ते यंत्र चालू आहे तोवरच. बंद झालं, की..."

"की?"

"की ते कुलूप मलाही उघडता येणार नाही. मी ते फार चांगलं बसवलंय."

ताईने चादर खाली ठेवली. ती ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

सुदैवाने फाइली वाटून देणारा प्रोग्राम अजून स्मृतीत जिवंत होता. धाकटीने सर्व्हर केबलने थेट लॅपटॉपला जोडला, त्यात बाहेरची रिकामी डिस्क खोचली आणि रेकॉर्डिंगे उतरवायला लावली. जुन्या यंत्राचा वेग पाहता काम संध्याकाळपर्यंत चालणार होते. वीजवाला तोवर थांबणे शक्य नव्हते. भावोजींनी फोन करून विचारले, तर तो आधीच निघाला होता.

"मग चालू यंत्रच न्यायचं," धाकटी म्हणाली. "यूपीएसच्या बॅटरीवर. गल्ली ओलांडायची आणि तिकडे भिंतीत खोचायचं."

"किती टिकते ती बॅटरी?" भावोजींनी विचारले. विम्याचे दावे तपासण्याची नोकरी असल्याने आश्वासनांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"गेल्या वर्षी दिवा लावून मोजलं होतं. अर्धा तास. आता ती म्हातारी झालीय, म्हणून निम्मा धरा."

"तुम्ही धरा, मेहुणीबाई. मी यंत्र धरतो."

फिरणाऱ्या डिस्कला धक्का चालत नाही, म्हणून चाकांची गाडी बाद झाली. शेवटी इस्त्रीच्या लांब टेबलाचे पाय मिटून त्यावर जाड रजई अंथरली, तिच्यावर सर्व्हर आणि यूपीएस निजवले आणि ओढणीने आवळून बांधले. पुढे भावोजी, मागे ताई, आणि आखूड केबलने जोडलेला लॅपटॉप उघड्या तळहातांवर घेऊन धाकटी बाजूने. तिने भिंतीतली पिन ओढली. यूपीएसने टुक केले. पंखा फिरतच राहिला.

"चला! पण सावकाश! भावोजी, पायरी!"

"मला डोळे आहेत."

"ते पायरीकडे लावा!"

जिना उतरताना तिघांनी श्वास जपून वापरला. गल्लीत पोचल्यावर समोरच्या इमारतीचा रखवालदार लगबगीने उठला. "कोण आजारी आहे?"

"आजारी नाही, वारलेत," भावोजी म्हणाले. "पण अजून बोलतायत."

"हसवू नका हो, फळी हलतेय!" ताई करवादली; पण तिलाही हसू फुटलेच. धाकटीच्या हातांवर एकेक धडा उतरत होता: गती झाली, बल चालू होते. काळीज धडधडत होते आणि भर गल्लीत मोठ्याने गावेसे वाटत होते. वर्षानुवर्षे कपाटात ठेवलेल्या यंत्रावर इतका सुंदर प्रयोग तिने कधीच केला नव्हता.

नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये त्यांचाच फ्रीज अडकला होता. निम्मा आत, निम्मा बाहेर; सामान नेणारी माणसे त्याला एकीकडून ढकलत होती आणि दुसरीकडून ओढत होती. जिना इतका अरुंद, की फळी वळली नसती. तेवढ्यात यूपीएस किंचाळू लागला.

"निम्मा धरला होता ना?" भावोजी म्हणाले.

"त्याचाही निम्मा धरायला हवा होता."

"तू सगळ्या गोष्टींच्या दोन-दोन प्रती करतेस," ताई घाईने म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "त्या किल्लीची केली नव्हतीस?"

"केली होती ना."

"कुठे आहे?"

"ह्याच डिस्कवर. कुलपाच्या आत."

"म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतलंस?"

"हो! पण ताई... कपाट आत्ता उघडं आहे!"

यूपीएसची किंचाळी जलद झाली. धाकटी जमिनीवर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि चाललेली नक्कल निर्दयपणे तोडली. सकाळपासूनच्या एवढ्या धावपळीत साऱ्या पुस्तकाच्या मागे लागलेल्या तिला हवी होती ती एक चिमुकली फाईल. एक कप्पा, दुसरा कप्पा, चुकीचा कप्पा, बरोबर कप्पा. फाईल उतरली. आली म्हणजे धड आली असे नव्हे, म्हणून तिने दोन्हींकडचे आकारमान ताडून पाहिले. जुळले. तेवढ्यात किंचाळी अखंड झाली, पंखा मंदावला आणि थांबला.

"गेलं?" ताईने विचारले.

"गेलं," धाकटी म्हणाली. "पण किल्ली माझ्याकडे आहे. बहुतेक."

"बहुतेक?"

"लावून पाहिल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही. आजपासून."

नव्या घरात खोकी तशीच राहिली. एका खोक्यावर बसून धाकटीने मेलेली डिस्क काढली, तिच्या जागी दुसरी बसवली, तिच्यावर सगळी व्यवस्था नव्याने चढवली. ताई आणि भावोजी गुंडाळलेल्या गादीवर बसून पाहत होते. पंखा कुणी लावला नव्हता. शेवटी तिने कुलपाला किल्ली दाखवली. पडदा काही काळ कोराच राहिला. मग फाइलींची नावे भराभर खाली उतरू लागली, आणि तिने डोळे मिटून त्यातले एक दाबले.

"घर्षण," ताईचा आवाज रिकाम्या खोलीत घुमला, "हे नेहमी गतीला विरोध करते."

धाकटीने अशी आरोळी ठोकली, की खालून फ्रीजवाल्यांनी काय झाले म्हणून विचारले. भावोजी टाळ्या वाजवू लागले. ताईने मात्र डोळे पुसले आणि बोट यंत्राच्या बटणाकडे केले.

"बंद कर."

"आत्ता? आत्ताच तर..."

"बंद कर आणि चालू कर. माझ्यासमोर."

धाकटीने स्वतःच्या हाताने बटण दाबले. यंत्र निमूट झोपले, निमूट उठले, किल्ली घेतली आणि पुन्हा ताईचा आवाज आला.

"परत," ताई म्हणाली.

"एकदा दाखवलं ना!"

"एकदा झालं तर योगायोग. हे तूच सांगतेस ना कारखान्यात सगळ्यांना? परत."

तिसऱ्यांदा घर्षणाचे वाक्य पुरे झाले तेव्हा दोघी हसत होत्या. मग ताईने आपली स्वतःची रिकामी डिस्क पिशवीतून काढली आणि आपली प्रत उतरवून घ्यायला लॅपटॉपला लावली.